खांब आणि शोकेस

आमच्या हॉलच्या मधोमध एक खांब उभा आहे. नकाशात तो भिंतीत दडलेला होता. हॉल मोठा दिसावा म्हणून सौभाग्यवतींनी भिंत पाडून घेतली आणि खांब तेवढा उरला. त्याच्यावर स्लॅब टेकलेला, त्यामुळे त्याच्यापुढे कुणाचंच काही चालेना. पाहुणे त्याला डोकं टेकवून गप्पा मारायचे आणि जाताना तेलाचा डाग ठेवून जायचे.

"मामा, याच्याभोवती शोकेस करू. सीएनसीवर कापून आणतो," भाचा म्हणाला. तो वाळूजच्या एमआयडीसीत असल्याच कॉम्प्युटरवर चालणाऱ्या कापायच्या मशीनवर असतो आणि जगातली प्रत्येक अडचण त्याला आठ बाय चारच्या प्लायवूडमधून कापून काढता येईल असं वाटतं.

लॅपटॉपवर त्याने खांब गरागरा फिरवून दाखवला. तिथे तो चारही बाजूंनी काटकोनात होता. प्रत्यक्षात ओळंबा, म्हणजे दोरीला बांधलेलं वजन, सोडला तेव्हा खांब खालून वर जाईपर्यंत १४ मिलिमीटर कलला होता. भाच्याचा चेहरा उतरला. मिस्त्री मात्र शांतपणे तंबाखू मळत म्हणाले, "चार-साडेचार सूत तर हाय. काहून घाबरू राहिले?"

मशीन मिलिमीटरचा दहावा भाग सोडत नाही. मिस्त्रींचं शेवटचं माप सूत, म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा, ३ मिलिमीटरच्या थोडं वर. माझं अख्खं घर या दुसऱ्या हिशोबाने बांधलेलं.

पुढची अडचण अशी, की खांबाला वरून टोक नाही. बांगडीसारखं काही वरून सरकवावं, तर मध्ये स्लॅब. शोकेस दोन अर्ध्या भागांत करून खांबाला मिठी मारल्यासारखी जोडायची ठरली. वेरूळ इथून तीसेक किलोमीटर. राष्ट्रकूटांच्या कारागिरांनी आठव्या शतकात कैलास लेणं वरून खाली कोरत आणलं आणि खांब त्याच दगडात राखले. आधी खांब आणि मग कोरीवकाम, असली उलटी कामं त्यांनी घेतलीच नव्हती.

प्लाय आला. नावाला १८ मिलिमीटर, जाडी मोजायचा व्हर्नियर लावला तर १७.४. खाचा १८च्या धरल्या असत्या तर फळ्या खुळखुळल्या असत्या, म्हणून भाच्याने सगळं चित्र नव्याने ओढलं. मशीनचं बिट, म्हणजे कापणारं पातं, गोल, ६ मिलिमीटरचं. त्यामुळे खाचेचा आतला कोपराही गोल राहतो आणि फळीचा चौकोनी कोपरा त्यात बसत नाही. उपाय म्हणून प्रत्येक कोपऱ्यात थोडं जास्त कोरून गोल भोक ठेवतात. आईने ती भोकं पाहिली आणि विचारलं, "वाळवी लागलेलीच फळी आणली व्हय रे?"

दारं लेझरवर कापलेल्या ॲक्रिलिकची. कडा काचेसारख्या चकचकीत निघाल्या. पण ॲक्रिलिक पुसलं की त्यात स्थिर वीज तयार होते आणि धूळ येऊन चिकटते. मे महिन्यातल्या आमच्या शहरात याहून धाडसी वस्तू घरात आणता आली नसती.

जोडणीच्या दिवशी शोकेस ओळंब्यात उभी राहिली आणि खांब आपल्या कलात. वरच्या बाजूला जी फट उरली, ती मिस्त्रींनी पट्टी ठोकून आणि भुसा-फेविकॉलचं लुकण भरून पाच मिनिटांत मिटवली. पैसे वेगळे घेतले. "मशीनचं निस्तरायचे," म्हणाले. पंख्याचं बटण खांबावरच होतं, हे त्यानंतर सगळ्यांच्या लक्षात आलं. आता पंखा लावायला दुसऱ्या कप्प्यात हात घालून गणपतीच्या मागून चाचपावं लागतं.

खरी लढाई पुढे झाली. खांबाला बाजू चार, पण दारातून दिसणारी एकच. तिथे आईची पितळी भांडी, पोराच्या ट्रॉफ्या की सासऱ्यांनी दिलेली हिमरू शाल? आई पहाटे उठते, त्यामुळे भांडी लागली. शाल स्वयंपाकघराच्या बाजूला गेली.

सासरे पैठणहून आले. बोलले काही नाहीत, शालीच्या शोधात खांबाला दोन प्रदक्षिणा घातल्या. शाल सापडल्यावर थांबले, शोकेसच्या कडेवरून खालीवर नजर फिरवली आणि म्हणाले, "जावईबापू, काही म्हणा, खांब मात्र अगदी ओळंब्यात बांधलाय तुमच्या मिस्त्रीनं."