मुरघासानं गाईचं पोट बिघडतं का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

काका, नमस्कार.

मुरघासावरच्या (हवाबंद करून आंबवलेल्या हिरव्या चाऱ्यावरच्या) माझ्या लेखाखाली तुम्ही जे लिहिलंत त्याला दोन ओळींत उत्तर देणं मला बरोबर वाटलं नाही, म्हणून वेगळं लिहितोय. इतर वाचकांसाठी तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगतो. तुमच्या सात संकरित गाई. कडबा परवडेना म्हणून तो बंद केला आणि गाईमागे रोज तीस किलो मक्याचा मुरघास सुरू केला. आठ किलो खुराक होता तसाच ठेवला, त्यात चार किलो मक्याचा भरडा. पहिले दोन महिने सगळं ठीक. मग शेण पातळ झालं, दुधाचं फॅट ३.८ वरून ३.१ वर आलं, आणि आता एक गाय मागच्या पायानं लंगडतेय. पुढे तुमचा सवाल असा: दोन महिने काही झालं नाही, मग आताच त्रास का? आणि आंबलेलं वरण आपण ओतून देतो, मग आंबलेला चारा गाईला घालायचा हे कुठलं शहाणपण? आंबट खाऊन पोटात आंबटच होणार. आणि ते कल्चर (मुरघासात घालायचे विकतचे जंतू) आणि प्रोबायोटिक म्हणजे शेतकऱ्याच्या खिशात हात घालायचे धंदे.

तुमच्या गाईंना त्रास झालाय, यात मला तिळमात्र शंका नाही. वर्णन इतकं नेमकं आहे की पोटात काय चाललंय ते जवळजवळ दिसतं. फक्त दोष तुम्ही आंबटपणावर ठेवलाय, तो तिथे नाही.

आधी वरणाचं. वरण आंबतं ते उघड्यावर, हवेत, जो येईल त्या जंतूच्या हातून. मुरघासात आपण हवाच कोंडतो. कापलेला मका काही तास श्वास घेतच असतो. कुट्टी घट्ट दाबली असेल तर उरलासुरला प्राणवायू तो स्वतःच संपवतो. मग दुधाचं दही लावणाऱ्या जंतूंचे भाऊबंद, म्हणजे लॅक्टिक आम्ल तयार करणारे जंतू, ताटांतल्या साखरेवर वाढतात. सामू (आंबटपणा मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आंबट) सहाच्या आसपासपासून उतरत चारच्या घरात येतो आणि तिथे जंतूंचं कामच थांबतं, त्यांचं स्वतःचंसुद्धा. म्हणून तो चारा महिनोन्महिने टिकतो. फिनलंडचे शास्त्रज्ञ विर्तानेन यांनी लांबच्या हिवाळ्यासाठी हिरव्या चाऱ्यावर थेट आम्ल शिंपडून सामू चारच्या खाली नेण्याची पद्धत बसवली. १९४५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं त्यात या कामाचा मोठा वाटा होता. आंबटपणा इथे राखणदार आहे.

सडणं वेगळं. मका फार ओला कापला, खड्डा सैल भरला किंवा ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर माती आत गेली, की क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू डोकं वर काढतात. ते तयार झालेलं लॅक्टिक आम्ल खाऊन ब्युटिरिक आम्ल करतात, सामू पुन्हा चढतो, प्रथिनांचा अमोनिया होतो. हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. मूठभर मुरघास हातात चोळा आणि हुंगा. चांगला असेल तर ताकासारखा किंचित फळाळ आंबट वास येतो, रंग पिवळट हिरवा, पानाची शीर अजून ओळखू येते. ब्युटिरिक झाला असेल तर चिकट लागतो, वास उबग आणणारा, आणि साबणानं हात धुतले तरी तो बोटांना राहतो. तंबाखूसारखा वास आणि तपकिरी रंग असेल तर आत गरमी झाली, प्रथिनं करपली. तुम्ही ‘आंबट पण बरा वास’ असं लिहिलंय. म्हणजे तुमचा मुरघास सडलेला नाही.

मग पोट का बिघडलं? इथे जरा थांबू, कारण खरी गोष्ट इथे आहे.

गाईचं कोटीपोट, म्हणजे चारा आधी जातो ते पहिलं मोठं पोट, हाच मुळात आंबवण्याचा मोठा हौद आहे. मोठ्या गाईत शंभर लिटरच्या वर माल मावतो आणि त्याच्या एका मिलिलिटरमध्ये हजार कोटी किंवा त्याहून जास्त जिवाणू असतात. कडबा असो, गवत असो, पेंड असो, सगळं आधी हे जंतू आंबवतात. त्यातून अॅसेटिक, प्रोपिऑनिक आणि ब्युटिरिक ही आम्लं रोज काही किलो तयार होतात, आणि गाईला लागणाऱ्या ऊर्जेतला सुमारे सत्तर टक्के वाटा त्यांचाच असतो. म्हणजे काहीही घातलंत तरी आत आंबवण होणारच. तीस किलो मुरघासात कोरडा भाग धरा दहा किलो, त्यात लॅक्टिक आम्ल साधारण अर्धा किलो. ते कोटीपोटात गेलं की मेगास्फेरा एल्स्डेनी नावाच्या जंतूसारखे तिथले रहिवासी त्याचं बरंचसं प्रोपिऑनिक आम्ल करतात. यकृतात त्याची साखर बनते आणि तीच दुधात उतरते. शिवाय रोज शंभर लिटरच्या वर लाळ खायचा सोडा घेऊन पोटात उतरत असते. मुरघासाचा आंबटपणा एवढ्या व्यवस्थेला सहज पचतो.

पचत नाही तो एकदम आलेला स्टार्च. आता तुमच्याच आकड्यांचा हिशोब करू. चार किलो भरड्यात स्टार्च अडीच किलोच्या थोडा वर. तो तुम्ही आधीपासून देत होतात आणि गाई ठीक होत्या, कारण सोबत कडबा होता. मग आला मुरघास. मका दाणा भरल्यावर कापलेला असेल तर मुरघासाच्या कोरड्या भागात पंचवीस ते तीस टक्के स्टार्चच असतो. तीस किलोत झाला अडीच ते तीन किलो. भरडा तसाच राहिला. चाऱ्याच्या जागी चारा आला असं वाटलं, प्रत्यक्षात गाईचं धान्य दुप्पट झालं आणि कडबा गेला. कडबा गेल्यावर रवंथ कमी, रवंथ कमी म्हणजे लाळ कमी, आणि लाळ कमी म्हणजे सोडाही कमी.

आणि पहिले दोन महिने काही झालं नाही, मग त्रास का सुरू झाला, हा तुमचा प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटला. मक्याच्या दाण्यात स्टार्चभोवती झीन नावाच्या प्रथिनाचं आवरण असतं. मुरघास जितका जुना होतो तितकं ते आवरण आतल्या आंबवणीत विरघळत जातं. म्हणून नुकता उघडलेला आणि चार-पाच महिने मुरलेला, एकाच शेतातला मुरघास गाईच्या पोटात सारखा वागत नाही. जुन्यातला स्टार्च झपाट्यानं आंबतो. तुमच्या दावणीत वजन तेवढंच पडत होतं, पण पोटातला वेग वाढत गेला.

पुढची साखळी तुम्ही स्वतः पाहिलीत. सामू रोज काही तास ५.८ च्या खाली राहिला की तंतू पचवणारे जंतू मंदावतात. अॅसेटिक आम्ल कमी होतं, दुधातलं बरंचसं फॅट त्यावर बनतं, ते उतरतं. आणखी खाली गेला की कोटीपोटाचं आतलं अस्तर सुजतं. त्या भिंतीवरचे बारीक कोंब, ज्यातून आम्लं रक्तात शोषली जातात, तेच दुखावतात. भिंत नाजूक झाली की जंतू आणि त्यांची विषं रक्तात जातात, यकृतात गळवं होऊ शकतात, आणि खुराच्या आतल्या मऊ भागाला सूज येते. खुराचं दुखणं बाहेर दिसायला आठवडे, कधी महिने जातात, म्हणून लंगडणं सगळ्यात शेवटी आलं.

एक गोष्ट इथे सांगितल्याशिवाय राहवत नाही. ज्या ब्युटिरिक आम्लाचा वास हाताला नको वाटतो, तेच कोटीपोटात तिथल्या जंतूंनी बनवलं तर त्या कोंबांचं खाद्य असतं, वासराचं कोटीपोट वाढतं ते बरंचसं त्याच्यावर. सडक्या मुरघासातून तेच भरपूर गेलं तर विलेल्या गाईला किटोसिसचा, म्हणजे ऊर्जा कमी पडून होणाऱ्या आजाराचा धोका. आम्ल तेच, पण कुठे आणि किती यावर सगळं ठरतं.

आता कल्चर. यात तुमच्याशी मी बराचसा सहमत आहे. दाणा भरलेल्या मक्यात साखर मुबलक असते, जंतू पानांवर आपोआप असतात. नीट दाबून झाकला तर कल्चरशिवाय उत्तम मुरघास होतो. लसूण घासात साखर कमी आणि सामू उतरू न देणारी द्रव्यं जास्त, हत्तीगवतातही साखर बेताची. तिथे मळी आणि कल्चरला अर्थ आहे. बुचनेरी जातीचा जंतू थोडं अॅसेटिक आम्ल तयार करून उघडलेला मुरघास तापू देत नाही, तोही उपयोग खरा. पण ‘मुरघासातले जंतू गाईचं पोट सुधारतात’ असं कुणी विकत असेल तर सावध राहा. कोंबडी आणि डुकराचं एकच पोट, त्यांना आंबवलेलं खाद्य दिलं तर पुढच्या आतड्यात साल्मोनेलासारख्या जंतूंना आळा बसतो, ते वेगळं. गाईच्या कोटीपोटात आधीच एवढी वस्ती आहे की बाहेरून आलेले मूठभर पाहुणे तिथे फार काही बदलत नाहीत.

एका बाबतीत मात्र मी ठाम आहे. ‘वरची बुरशी झटकून बाकीचं घालतो’ असं तुम्ही ओघात लिहिलंत, ते कृपा करून थांबवा. बुरशीचे धागे दिसतात त्याच्या बरंच पलीकडे पोचलेले असतात. अफलाटॉक्सिन हे बुरशीचं विष आंबवणीनं नष्ट होत नाही, गाईच्या खाण्यातून ते एम१ रूपात दुधात उतरतं, आणि देशात त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम एवढी कमी आहे. ते दूध आपलीच नातवंडं पितात. बुरशीभोवतीचा वीतभर भाग तरी उकिरड्यावर टाका. शेळ्यांना तर तो चुकूनही नको; हवा लागून बिघडलेल्या मुरघासातल्या लिस्टेरियानं त्या गोल फिरायला लागतात आणि बऱ्याचदा वाचत नाहीत.

आता गोठ्यात काय करायचं ते. मुरघास बंद करू नका, वीस किलोवर आणा. भरडा आठवडाभरात हळूहळू निम्मा करा, सरकी पेंड ठेवा, कारण मक्याच्या मुरघासात प्रथिनं कमीच असतात. दोन-तीन किलो कडबा किंवा गव्हाचं काड पुन्हा सुरू करा, दोन-अडीच इंचाचे तुकडे, आणि खुराकाच्या आधी घाला. खुराक दोनऐवजी चार वेळा विभागून द्या. रोज शंभर-दीडशे ग्रॅम खायचा सोडा तात्पुरता चालेल, पण वर सांगितल्याप्रमाणे वैरण न बदलता नुसत्या सोड्यावर विसंबू नका.

आणि दोन गोष्टी स्वतः बघा. एका गाईचं ओंजळभर शेण पिठाच्या जुन्या चाळणीत घ्या, नळाखाली धुवा. मक्याचे अख्खे किंवा फुटके दाणे, लांब तंतू, शेंबडासारखे पातळ पापुद्रे काय काय उरतं ते पाहा. पापुद्रे दिसले तर आंबवण मागच्या आतड्यापर्यंत सरकलीय. दुसरं, दुपारी बसलेल्या गाईंसमोर उभे राहा. निम्म्याहून जास्त गाई रवंथ करत असाव्यात आणि एका घासाला पन्नासच्या आसपास चावे पडावेत. तीसवर घास गिळत असतील तर कडबा अजून वाढवा.

लंगडणारी गाय मात्र माझ्या उत्तरावर सोडू नका. तिचे खूर याच आठवड्यात तुमच्या डॉक्टरांकडून तपासून घ्या. चाळणीत काय निघालं आणि फॅट कुठे गेलं ते इथेच खाली लिहा, तीन आठवड्यांनी आकडे पाहून भरडा पुन्हा किती वाढवायचा ते ठरवू.