मनगटाचा फॉरवर्ड आणि मामींची कात्री

आठवडाभर आमच्या सातपूरच्या कंपनीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. काल तो दिंडोरीच्या मामांकडूनही आला: "मनगटदुखी हा कॉम्प्युटरवाल्यांचा नवा आजार, शेतात राबणाऱ्याला होत नाही. दिवसभर घट्ट पट्टा बांधा, तांब्याचं कडं घाला. दुखलं तरी काम सोडू नका, हात तयार होतो."

नवा? इटलीच्या रामाझिनी वैद्यांनी सतत लिहिणाऱ्या कारकुनांच्या हातदुखीबद्दल १७१३ सालीच लिहून ठेवलंय.

शेतात होत नाही हे मामांनी पाठवावं, याचं जास्त नवल. विरळणीच्या दिवसांत मामी द्राक्षांच्या मंडपाखाली मान मागे टाकून, हात वर धरून घडातले मणी बारीक कात्रीने काढत असतात. रात्री अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या येऊन जाग येते, मग हात झटकत बसायचं. करंगळीला मात्र काही नाही. कारण मनगटात एक अरुंद बोगदा असतो. त्यातून बोटं वळवणाऱ्या ९ कंडरा आणि एक नस जाते. आत सूज आली की नस दबते. करंगळीची नस या बोगद्यातून जातच नाही. आणि या दुखण्याचा संबंध कीबोर्डपेक्षा जोर लावून तेच तेच करण्याशी आणि थरथरणाऱ्या हत्यारांशी जास्त पक्का आहे. म्हणजे माझ्या टेबलापेक्षा खालच्या शॉपमधल्या ग्राइंडरवाल्याला धोका अधिक.

पट्टा उपयोगी आहे, पण रात्री. झोपेत मनगट दुमडतं, ते सरळ राहावं म्हणून. दिवसभर आवळून बांधला तर आतली जागा आणखी कमी होते.

कडं घाला, हाताला शोभतं.

"हात तयार होतो" हे मात्र घातक आहे. नस फार दिवस दबली की अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल भाग बसत जातो, पकड सुटते. मामींच्या हातून चहाचा कप दोनदा निसटला, तेव्हा त्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टरांनी साखर आणि थायरॉईडही तपासायला सांगितलं, कारण त्या आजारांतही हे दुखणं वाढतं.

टेबलावर काम करणाऱ्यांनी कीबोर्डचे मागचे पाय मिटवावेत, माउस जवळ घ्यावा, मनगट सरळ ठेवावं. बागेत? बोथट कात्रीला जास्त जोर लागतो, सगळी गोम तिथेच. मी मामांना एवढंच लिहिलं. आज सकाळी ते बागेतल्या सगळ्या कात्र्या पिशवीत घालून धार लावायला घेऊन गेले. मामींना दुपारनंतर विरळणीऐवजी पानं काढायला लावलंय.