डिसेंबरातले पाणी

पॅरिस ऑलिम्पिकमधील जलतरणाच्या शर्यती आटोपल्या त्या दिवशी नागपुरातल्या धरमपेठेतून धाकट्या भावाचा फोन आला आणि त्याने एक हिशेब मांडला. ऑस्ट्रेलियाची लोकसंख्या पावणेतीन कोटींच्या आसपास, जलतरणातील पदके 18 आणि त्यांत 7 सुवर्ण. आपली लोकसंख्या 140 कोटी आणि तलावात उतरलेले खेळाडू दोन. तेही पात्रतेची वेळ गाठून नव्हे, तर जलतरणात मागे असलेल्या देशांसाठी राखलेल्या जागांवर गेलेले. श्रीहरी नटराज 100 मीटर बॅकस्ट्रोकमध्ये 33 वा आला, तर अवघ्या 14 वर्षांची धिनिधी देसिंगू 200 मीटर फ्रीस्टाइलमध्ये 23 वी आली. एवढे सांगून झाल्यावर भाऊ म्हणाला, "आपल्या लोकांच्या अंगातच ते नाही, दादा." मी गेली एकोणीस वर्षे ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये राहतो. तेथे पाहिलेले आणि नागपुरात वाढताना पाहिलेले शेजारी शेजारी ठेवले, तर भावाचे हे वाक्य मला मान्य करता येत नाही.

पोहणाऱ्यांच्या जगात क्रमांकापेक्षा टायमिंग अधिक बोलते. श्रीहरीने पॅरिसमध्ये 55.01 सेकंद घेतले आणि सुवर्ण जिंकणाऱ्या थॉमस चेकॉनने 52.00. मात्र हाच श्रीहरी 2021 साली रोममध्ये 53.77 सेकंदांत पोहला होता. त्याच स्पर्धेत साजन प्रकाशने 200 मीटर बटरफ्लाय 1:56.38 अशा वेळेत पूर्ण केली होती आणि ऑलिम्पिकची 'अ' पात्रता, म्हणजे थेट प्रवेश देणारी वेळ, गाठणारे हे दोघे पहिले भारतीय ठरले होते. ज्याच्या अंगात ते नाही त्याला 53.77 कुठून येईल? कोल्हापूरच्या वीरधवल खाडेने 2010 च्या ग्वांगझू आशियाई स्पर्धेत 50 मीटर बटरफ्लायचे कांस्य मिळवले, तेव्हा 1986 मधल्या खजान सिंगच्या रौप्यानंतर 24 वर्षांनी भारताला आशियाई जलतरणात पदक दिसले. मधल्या काळात तहसीलदाराची नोकरी करून वीरधवल पुन्हा सरावाला लागला आणि 2018 साली जकार्तात 50 मीटर फ्रीस्टाइलमध्ये चौथा आला. कांस्य हुकले ते सेकंदाच्या एका शतांशाने. आणि आपल्या नागपुरात तर रिझर्व्ह बँकेत नोकरी करणाऱ्या, जन्मापासून दृष्टी नसलेल्या कांचनमाला पांडे यांनी 2017 मध्ये मेक्सिकोतील जागतिक पॅरा जलतरण स्पर्धेत 200 मीटर मेडलेचे सुवर्णपदक पटकावले. त्याच वर्षी काही महिने आधी बर्लिनच्या स्पर्धेत पैसे वेळेवर न पोचल्यामुळे त्यांना परक्या शहरात उसनवारी करावी लागली होती. तरीही त्या तिथून रौप्य घेऊन परतल्या.

ब्रिस्बेनमध्ये आमच्या उपनगरातल्या तलावावर दर शुक्रवारी संध्याकाळी क्लबच्या शर्यती होतात आणि वेळ घेण्याचे काम पालकांकडे असते. पहिल्यांदा स्टॉपवॉच हाती आले तेव्हा एका आजींनी मला शिकवले, की भोंगा ऐकून बटण दाबू नका, भोंग्यासोबत लागणारा दिवा पाहून दाबा, कारण आवाज उशिरा पोचतो. शर्यत संपताना काठावरून वाकून मुलाची बोटे भिंतीला टेकताना पाहावी लागतात, त्यामुळे बूट दर वेळी भिजतात. एका लेनवर आम्ही दोघे असतो. दोघांच्या वेळा कागदावर लिहिल्या जातात आणि आठ वर्षांची मुलगी पाण्यातून बाहेर येताच धापा टाकत आपले टायमिंग विचारते. मागच्या शुक्रवारपेक्षा ते अर्ध्या सेकंदाने कमी असेल तर तिला पहिल्या क्रमांकाची पर्वा नसते. या मुलांपैकी बहुतेक जण पुढे स्पर्धा सोडून देतील हे सर्वांना ठाऊक असते, तरी कोणी एकही शुक्रवार चुकवत नाही. पदकांची मोजणी होते तेव्हा हे शुक्रवार कोणाच्या ध्यानात येत नाहीत.

भावाचा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि छान पोहतो. दर एप्रिलमध्ये तो उन्हाळी बॅचला जातो. पारा 45 अंशांकडे सरकू लागला की नागपुरातल्या प्रत्येक तलावावर एवढी गर्दी उसळते, की पाऊण तासाच्या बॅचमध्ये सरळ रेषेत एक फेरी मारायलाही जागा मिळत नाही. मागच्या जूनमध्ये त्याने 50 मीटर 41 सेकंदांत केले. मग पाऊस आला, शाळा सुरू झाली, थंडी पडली आणि तलाव बंद झाला. पुढच्या एप्रिलमध्ये त्याचे टायमिंग 46 सेकंदांवर गेले होते. "मोठे बाबा, मी मागे गेलो," असे तो फोनवर म्हणाला तेव्हा त्याचा आवाज रडवेला होता. त्याचे काहीही चुकले नव्हते, फक्त दहा महिने त्याला पाणी मिळाले नव्हते.

थंडीचे कारण मला पटत नाही, कारण ती थंडी मी दोन्हीकडे अनुभवली आहे. ब्रिस्बेनमध्ये जुलैच्या पहाटे तापमान दहा अंशांपर्यंत उतरते; नागपुरात डिसेंबरातली थंडी थोड्याफार फरकाने तेवढीच असते. इकडे त्याच पहाटे साडेपाचला उघड्या तलावातून वाफा निघत असतात आणि मुले सराव करत असतात, कारण पाणी तापवलेले असते. आपल्याकडचे उदाहरण हवे असेल तर बंगळुरूकडे पाहावे. श्रीहरी आणि धिनिधी दोघेही तिथलेच, आणि आपला वीरधवलही पुढे सरावासाठी तिकडेच गेला. बंगळुरूत चांगले प्रशिक्षक आहेत हे खरेच, पण तिथली सौम्य हवा वर्षभर पोहू देते हेही तितकेच खरे आहे. नागपूरला ती सवलत निसर्गाने दिलेली नाही, म्हणून ती आपल्याला उभी करावी लागेल.

भावाचे आणि त्याच्या मित्रांचे म्हणणे असे, की ऑस्ट्रेलियाने केले तसे आपण एक भव्य राष्ट्रीय केंद्र बांधावे. 1976 च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाला एकही सुवर्ण मिळाले नाही, जलतरणात जेमतेम एक कांस्य पदरी पडले, देशभर टीकेचा भडिमार झाला आणि 1981 साली कॅनबेरात राष्ट्रीय क्रीडा संस्था उभी राहिली, हा इतिहास त्याला पाठ आहे. पण त्या संस्थेत शिरणारी मुले गल्लोगल्लीच्या तलावांतून आली होती आणि ते तलाव आधीपासून होते. शिवाय संस्था असूनही 2012 च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये जलतरणात एकच सुवर्ण मिळाले. त्यानंतरच्या चौकशीत संघातील शिस्त आणि वातावरण यांवर कठोर ताशेरे ओढले गेले आणि तो अहवाल लोकांपुढे ठेवला गेला. आपल्याला उचलायचेच असेल तर हा मोकळेपणा आधी उचलावा. इकडे सारे आलबेल आहे असेही नाही. पोहण्याच्या शिकवणीची फी भरमसाट आहे आणि नव्याने आलेल्या कुटुंबांतील अनेक मुलांना ती परवडत नाही.

पाण्याची टंचाई असताना तलाव कशाला, हा आक्षेप मात्र मी हलक्यावारी घेणार नाही. जुलै 2019 मध्ये नागपूरला दिवसाआड पाणी मिळत होते आणि त्या दिवसांत आई पाहुण्यांना अर्धा पेला पाणी देई. पन्नास मीटर लांब, पंचवीस मीटर रुंद आणि दोन मीटर खोल तलावात 25 लाख लिटर पाणी मावते. परंतु ते रोज बदलत नाहीत, गाळून पुन्हा फिरवतात. खरा नाश होतो तो बाष्पीभवनाने, आणि बहुतांश उष्णताही त्याच वाटेने निघून जाते. म्हणून इकडे रात्री तलावावर प्लास्टिकचे जाड आच्छादन ओढतात आणि छतावर काळ्या नळ्या पसरून उन्हावर पाणी तापवतात. आच्छादनाने पाणी आणि ऊब दोन्ही वाचतात, आणि उन्हाची वानवा तर नागपूरला हिवाळ्यातही नसते.

2036 च्या ऑलिम्पिकचे यजमानपद मिळावे म्हणून भारताने 2024 साली इरादापत्र दिले, तेव्हापासून घरच्या गप्पांत स्टेडियम आणि खर्चाचे आकडे सुरू आहेत. ब्रिस्बेनमध्येही इथे होणाऱ्या 2032 च्या ऑलिम्पिकसाठी तीच चर्चा रोज चालते. नागपूरकरांनी, विशेषतः पोहणाऱ्या मुलांच्या पालकांनी, महापालिकेकडे आधी एवढेच मागावे असे मला वाटते: शहरातल्या एका तलावावर आच्छादन आणि सौर नळ्या, नोव्हेंबर ते फेब्रुवारी सकाळचे दोन तास, चार लेन फक्त नियमित सराव करणाऱ्या मुलांसाठी, आणि शनिवारी शर्यती. वेळ घ्यायला पालक लागतील. मी डिसेंबरात महिनाभर येतो आहे, माझे स्टॉपवॉच सोबत आणेन आणि भावाला दिवा पाहून बटण दाबायला शिकवेन.