टोमॅटोची बादली आणि एक सेंट : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फ्लोरिडात टोमॅटो तोडणाऱ्या स्थलांतरित मजुरांच्या मोर्चात मी सामील झाले, त्याविषयीच्या लेखावर आपण आक्षेप घेतले आहेत. हे लोक स्वखुशीने येतात, मग तक्रार कसली. मजुरी वाढली की भाजी महागणार. आणि परक्या देशात राहणाऱ्या आपल्यासारख्यांनी यजमानांच्या कारभारात लक्ष घालू नये, असे आपले म्हणणे आहे. आपण तळमळीने लिहिले आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देते.

मोर्चाच्या वाटेवर फ्लोरिडातल्या इमोकली या गावाहून आलेल्या एका मजुराने भरलेली बादली ठेवली होती आणि ज्याला वाटेल त्याने ती खांद्यावर घेऊन पाहावी, असे तो सांगत होता. वजन 32 पौंड, म्हणजे सुमारे साडेचौदा किलो. मी ती गुडघ्यापर्यंत उचलली आणि खाली ठेवली. तोडणीच्या वेळी हीच बादली खांद्यावर घेऊन मजूर ट्रकपर्यंत अक्षरशः पळतो, वर उभ्या असलेल्या माणसाकडे ती फेकतो, टोकन घेतो आणि पुन्हा वाकून तोडू लागतो. कित्येक वर्षे एका बादलीचा दर 40 ते 50 सेंटच्या आसपास होता. 50 सेंट धरले तरी 100 बादल्यांचे, म्हणजे 3,200 पौंड मालाचे, 50 डॉलर होतात. शिवाय मुकादम बादलीवर शीग, म्हणजे काठाच्या वर रास, लावून घेत आणि त्या शिगेचे पैसे मजुराला मिळत नसत.

आता स्वखुशीबद्दल. मजूर येतो तो गरजेपोटी, हे खरे. पण येथे पाऊल ठेवल्यावर त्याच्या खुशीला किती वाव उरतो, ते पाहावे. एच-टू-ए व्हिसावर, म्हणजे शेतीच्या हंगामी कामासाठीच्या परवान्यावर, आलेल्या मजुराचा मुक्काम ज्या मालकाने बोलावले त्याच्याशीच बांधलेला असतो. नोकरी सोडली आणि लवकरच या व्हिसावर बोलावणारा दुसरा मालक मिळाला नाही, तर देशात राहण्याचा आधारच जातो. ज्यांच्याकडे कागदपत्रे नाहीत, त्यांची अवस्था तर याहून वाईट. कायद्याचेही तेच. संघटना बांधणाऱ्या कामगारांना संरक्षण देणाऱ्या 1935 च्या राष्ट्रीय कायद्यातून शेतमजूर वगळले गेले, ते आजही वगळलेलेच आहेत. 1938 च्या किमान वेतनाच्या कायद्यातही त्यांना जागा नव्हती; ती 1966 मध्ये, तीही मोठ्या शेतांपुरती, मिळाली. जादा तासांचा दीडपट मोबदला राष्ट्रीय कायद्याने त्यांना अजूनही लागू नाही. तेव्हा आपली मजुरी पटत नसेल तर त्यांनी मालकाशी बोलावे, हे आपले वाक्य वाचून मला मनापासून वाईट वाटले.

महागाईचा मुद्दा त्या मानाने सोपा आहे. इमोकलीच्या मजुरांच्या संघटनेची मागणी होती, पौंडामागे एक सेंट जास्त. दोन पौंड टोमॅटो घेणाऱ्या ग्राहकाला, सगळा भार त्याच्यावर टाकला तरी, दोन सेंट पडतात. मजुराला मात्र त्या एका बादलीमागे 32 सेंट मिळू शकतात. ही मागणी शेतमालकांपेक्षा बड्या खरेदीदारांकडे होती, कारण भाव पाडण्याची ताकद त्यांच्या हाती आहे. चार वर्षांच्या बहिष्कारानंतर 2005 मध्ये टाको बेल या खाद्यपदार्थांच्या दुकानसाखळीने ती मान्य केली, पुढे मॅकडोनाल्ड्स आणि 2014 मध्ये वॉलमार्टही आले. 2011 पासून फ्लोरिडातील बहुतेक टोमॅटो उत्पादक या करारात सामील झाले, तेव्हा शीग बंद झाली आणि शेतात सावलीची सोय करणे बंधनकारक झाले.

एक गोष्ट मात्र आपली बरोबर आहे. माझ्या लेखातून सगळेच शेतमालक निर्दय आहेत असा सूर निघाला, तो चुकीचा होता. वरून भाव दाबला जातो आणि खाली मजुरी द्यायची, अशा कात्रीत तेही सापडलेले असतात. लेखातला तो परिच्छेद मी दुरुस्त करीन.

पाहुणेपणाविषयी एवढेच, की मी तेथे पाहुणी म्हणून उभी नव्हते. त्या संध्याकाळी मी भाजी कुठून आणली, असे आपण शेवटी विचारले आहे. ज्या दुकानासमोर मोर्चा थांबला, तेथूनच मी वर्षानुवर्षे टोमॅटो आणते. म्हणून व्यवस्थापकांच्या हाती दिलेल्या निवेदनावर मी सही केली आणि नावापुढे 'ग्राहक' असे लिहिले. त्याचे उत्तर अजून आलेले नाही.