मालकाचं उत्तर: "दोन दिवस ठेवली आणि 44 किलोमीटर फिरवली" या तक्रारीबद्दल

नमस्कार साहेब,

तुमचा एक स्टारचा अभिप्राय रविवारी रात्री वाचला. शनिवारी चार वाजता गाडी देतो म्हणालो होतो आणि दिली साडेसातला. मधल्या वेळात एक फोनही केला नाही. तुमच्या आईंना बाहेर स्टुलावर ताटकळत बसावं लागलं, त्याबद्दल त्यांची आणि तुमची मनापासून माफी मागतो. मागच्या सीटवर काळा डाग पडलाय म्हणता, तोही आमच्याच हाताचा असणार. कधीही या, साफ करून देतो, त्याचे पैसे नाहीत.

पण "टेस्टच्या नावाखाली माझी गाडी 44 किलोमीटर हुंदडायला वापरली, दोघं हसत घाट उतरून आले आणि एका वायरचे 1,450 रुपये घेतले" हे वाचून मला रात्रभर झोप लागली नाही. साताऱ्यात 19 वर्षं हेच काम करतोय. गिऱ्हाइकाच्या गाडीतला टेपसुद्धा आम्ही चालू करत नाही. म्हणून त्या 44 किलोमीटरचा हिशोब इथे सगळ्यांसमोर देतो.

गाडी सोडताना तुम्हीच सांगितलं होतं की दोन महिन्यांपूर्वी सेकंड हँड घेतली, गावात नीट चालते, पण पुण्याहून येताना खंबाटकीच्या चढाला झटके देते, पिकअप सोडते आणि बंद पडते. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की पुन्हा चालू. शुक्रवारी सकाळी ती आमच्याकडे आली तेव्हा थंड होती. चावी फिरवली, मागच्या सीटखाली टाकीतल्या पेट्रोल पंपाचा दोन सेकंद घूं असा आवाज आला, जसा यायला हवा तसाच. पेट्रोलच्या लाइनला प्रेशर मोजायचं गेज जोडलं, काटा तीन बारवर. या गाडीला तीनच लागतो. फ्यूज पाहिला, पंपाचा रिले, म्हणजे त्याला करंट सोडणारा स्विच, हॉर्नच्या रिलेशी बदलून पाहिला. उभ्या गाडीत कुठेच दोष नव्हता.

तुम्ही लिहिलंय की स्कॅनर लावला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं. स्कॅनर लावला होता साहेब, दोष दाखवणारा एकही कोड नव्हता. तुमच्या गाडीला पेट्रोलचं प्रेशर मोजणारा सेन्सरच नाही, त्यामुळे प्रेशर कमी पडतंय हे स्कॅनर थेट सांगू शकत नाही. शिवाय तापल्यावर बंद पडून थंड झाल्यावर चालू होणं हे क्रँक सेन्सरचंही, म्हणजे इंजिनचं फिरणं मोजणाऱ्या सेन्सरचंही, लक्षण आहे. दोन्हींत फरक एवढाच, की सेन्सर दगा देतो तेव्हा पेट्रोलचं प्रेशर जागच्या जागी असतं आणि पंपाचा घोळ असेल तर इंजिन अडखळायच्या आधी काटा खाली येतो. हे बघायचं तर गाडी तापवावी लागते, चढावर न्यावी लागते आणि त्या क्षणी काटा डोळ्यासमोर असावा लागतो.

म्हणून यवतेश्वरचा घाट. आमच्या गॅरेजपासून वर जाऊन यायला चौदा-पंधरा किलोमीटर होतात. तीन फेऱ्या झाल्या, झाले तुमचे 44.

पहिली फेरी शुक्रवारी दुपारी, भर उन्हात. गेजची लांब नळी बॉनेटखालून काढून गेज काचेवर वायपरखाली अडकवलं होतं. गाडी मी चालवत होतो, आमचा पोरगा शेजारी बसून काट्यावर नजर ठेवून होता. अर्ध्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये काटा तीनवरून अडीच, मग दोनच्याही खाली आला आणि त्यानंतर गाडीने झटका दिला. म्हणजे क्रँक सेन्सर नाही, पेट्रोलच कमी पोचतंय.

इथे मी तुम्हाला फोन करून "पंप गेला" म्हटलं असतं तर तुम्ही मान्य केलं असतं. दुसऱ्या एका ठिकाणी पंपाच्या पूर्ण असेंब्लीचे 8,500 सांगितले होते, हेही तुम्हीच बोलला होतात. माझंही काम शुक्रवारी संध्याकाळीच संपलं असतं. पण पंप कमी ढकलतोय याची कारणं दोन असू शकतात, पंप थकलाय किंवा पंपाला करंट पुरत नाही. ते न बघता नवीन पंप बसवला असता तर चार दिवस बरी चालून गाडी परत त्याच चढावर उभी राहिली असती.

शनिवारी सकाळी मागची सीट उचलली. व्होल्ट मोजायच्या मीटरच्या वायरी तिथून पुढे ओढून घेतल्या आणि दुसरी फेरी मारली. डाग त्याच वेळी पडला असावा. वर चढताना बॅटरीवर 13.9 व्होल्ट आणि पंपाच्या तोंडाशी 9.4. साडेचार व्होल्ट वाटेतच जात होते. खाली येऊन पंपावरचा कपलर, म्हणजे वायरी जोडायचा प्लग, सोडवला, तर पांढरं प्लॅस्टिक एका बाजूने चहासारखं तपकिरी होऊन वितळलेलं, आर्थिंगची पिन काळीठिक्कर आणि ढिली. मागे दोन वायरी नुसत्या पिळून वर चिकटपट्टी. तुमच्या आधी कुणीतरी टाकीपर्यंत हात घातला होता आणि लोकल कपलर लावून मोकळा झाला होता. गाडी विकणाऱ्याने हे तुम्हाला सांगितलं नाही, यात माझा काय दोष? पिन गरम होत जाईल तसा करंट अडत जातो, गाडी उभी राहिली की पिन थंड होते. तुमचं पंधरा मिनिटांचं कोडं ते एवढंच होतं.

तिसरी फेरी तुम्ही पाहिलीत ती. नवीन कपलर, नवीन वायर, जोड सोल्डरिंग करून पक्के केलेले. तेवढ्याने गाडी देता आली असती, पण वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने टाकीतला जुना गाळ सुटून पंपाची जाळी चोंदली असेल का, असं तुम्ही विचारलं होतं आणि शंका रास्त होती. पूर्ण चढ काटा तीनवरून हलला नाही. जाळी चोंदलेली असती तर तो पडला असता. टाकी उघडायची गरजच उरली नाही. परत येताना आम्ही हसत होतो हे खरं आहे. दोन दिवसांचा दोष सापडला म्हणून तो पोरगा खूश झाला होता, मीही झालो होतो. तुमच्या गाडीत मजा करत नव्हतो.

गाडी आली तेव्हा रिझर्व्हचा दिवा लागलेला होता. 500 रुपयांचं पेट्रोल मी टाकलं, ते बिलात नाही. बिलात 700 तपासणीचे आणि 750 कपलर, वायर, मजुरी मिळून. (रिझर्व्हवर गाडी फिरवू नका, ही विनंती आहे. पंप टाकीतल्या पेट्रोलनेच थंड राहतो.)

आता सकाळी दोनदा सेल्फ मारावा लागतो, म्हणजे काम झालंच नाही, असं तुम्ही लिहिलंय. गाडी बंद केल्यावर प्रेशर दहा मिनिटांत उतरतं, कारण पंपातला परत जाणारं पेट्रोल अडवणारा वॉल्व्ह ढिला झालाय. हे मी तुम्हाला तोंडी सांगितलं होतं. चावी ऑन करा, आवाज थांबू द्या, बंद करून पुन्हा ऑन करा आणि मग सेल्फ मारा, असं करूनही दाखवलं होतं. वॉल्व्ह सुटा मिळत नाही, असेंब्लीच बदलावी लागते. तो खर्च आज करायचा की वर्षभराने, हे मी तुमच्यावर सोडलं. पण बिलावर लिहून दिलं नाही, ही चूक माझी. इथून पुढे जमेल तसं लिहून देत जाऊ, उशीर होणार असेल तर फोनही करू, त्यासाठी कुणाला तरी नेमतो.

या गॅरेजवर माझ्यासकट चार घरं चालतात. हायवेवर अडकलेला माणूस आधी हे स्टार बघतो आणि मग फोन करतो. तुमचा अभिप्राय आल्यापासून दोघांनी मला "तुम्ही गाड्या फिरवता का?" असं विचारलं. एकाला काय सांगावं तेच सुचलं नाही. स्टार बदला असं म्हणणार नाही, पण हुंदडायला वापरली हे वाक्य तरी काढा, एवढी हात जोडून विनंती.

जळलेला कपलर फेकलेला नाही. डॅशबोर्डच्या कप्प्यात, कागदपत्रांच्या मागे, प्लॅस्टिकच्या छोट्या पिशवीत ठेवलाय. एकदा काढून बघा.