फौजी म्हणजे आयता रायफल नेमबाज?

मोबाइलवर एक मजकूर बराच फिरतोय. त्याचा सारांश असा: फौजी अधिकाऱ्याच्या हाती रोजच रायफल असते, म्हणून राज्यवर्धन राठोड यांना पदक मिळालं, स्नायपरला कागदी लक्ष्य म्हणजे पोरखेळ, गोळ्या फुकट आणि पगार चालू, तेव्हा साध्या घरातल्या पोरांनी या खेळाच्या वाटेला जाऊ नये.

"राठोड रायफलवर जिंकले."

नाही. अथेन्स २००४ मधलं त्यांचं रौप्य डबल ट्रॅपचं. तिथे शॉटगन असते, एकाच वेळी उडणाऱ्या दोन तबकड्या छऱ्यांनी फोडायच्या असतात. फौजेतले दुसरे पदकविजेते विजय कुमार, त्यांचं लंडन २०१२ चं रौप्य २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचं. रायफलमध्ये भारताची ऑलिंपिक पदकं तीन: अभिनव बिंद्रा (२००८), गगन नारंग (२०१२), स्वप्नील कुसाळे (२०२४). तिघांपैकी एकही फौजेच्या नोकरीतून आलेला नाही. बिंद्राला प्रादेशिक सेनेत मानद हुद्दा मिळाला तो पदकानंतर. मजकूर लिहिणाऱ्यानं एवढं पाहिलं असतं तरी पुढचं लिहिण्याचे कष्ट वाचले असते.

"रोज रायफल हाताळली की सवय होतेच."

सवय होते, पण वेगळ्या हत्याराची, आणि तीच आड येते. लष्करी रायफल चिखलात, धुळीत, उन्हात हमखास चालावी म्हणून बनवतात. तिचा ट्रिगर साधारण अडीच-तीन किलो दाबाचा. ५० मीटर स्पर्धेच्या .२२ रायफलचा ट्रिगर बहुतेक जण १०० ग्रॅमच्या आसपास ठेवतात. जोर लावायला शिकलेलं बोट त्यावर नुसतं टेकलं तरी गोळी सुटते. पुरुषांच्या या प्रकारात रायफलचं वजन ८ किलोपर्यंत चालतं.

लक्ष्यावरचं दहा गुणांचं मधलं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं. गोळी ५.६ मिलिमीटरची आणि कडेला शिवली तरी गुण मिळतो, म्हणजे तिचा मध्य केंद्रापासून ८ मिलिमीटरच्या आत हवा. गोळी सेकंदाला सव्वातीनशे मीटरच्या आसपास निघते. लष्करी गोळीपेक्षा ती खूप मंद, त्यामुळे नळीत जास्त वेळ राहते. ट्रिगर दाबताच खांदा सैल पडला तर त्याचा हिशेब लक्ष्यावर दिसतो. सेकंदाला १ मीटर वेगाचा आडवा वारासुद्धा तिला ५-६ मिलिमीटर ढकलतो.

सगळ्यात चिवट खोड म्हणजे दंडाच्या जोरावर रायफल लक्ष्याकडे ओढणं. उपाय सोपा, पण कंटाळवाणा. पवित्रा घ्यायचा, डोळे मिटायचे, दोन श्वास सोडायचे, डोळे उघडायचे. माशी (नळीच्या टोकावरचं नेम धरायचं साधन) लक्ष्याच्या डावी-उजवीकडे गेलेली दिसली तर हात हलवायचा नाही. प्रोनमध्ये, म्हणजे पालथं झोपून, पुढच्या कोपराभोवती अख्खं शरीर फिरवायचं, स्टँडिंगमध्ये, म्हणजे उभ्यानं, पाय सरकवायचे. प्रत्येक पवित्र्यात हे पुन्हा पुन्हा. घाई करणाऱ्याच्या पहिल्या पाच गोळ्या ठीक जातात, मग स्नायू थकतात आणि गोळ्या एकाच बाजूला सरकू लागतात.

"स्नायपरला हा पोरखेळ."

स्नायपरला दुर्बीण मिळते, रायफल टेकवायला आधार मिळतो. इथे दोन्ही बंद. मागे बारीक छिद्र, पुढे गोल माशी, बस. नीलिंग (गुडघा टेकून) आणि प्रोनमध्ये रायफल हाताला बांधून स्थिर ठेवणारा पट्टा चालतो, स्टँडिंगमध्ये तोही नाही. तिथे कंबर पुढे काढून कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात आणि रायफल हाडांवर तोलतात. अशा तिन्ही पवित्र्यांत मिळून पात्रता फेरीच्या ६० गोळ्या. म्हणून या प्रकाराला थ्री पोझिशन म्हणतात.

"गोळ्या फुकट, पगार चालू."

यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. मध्य प्रदेशातल्या महूच्या आर्मी मार्क्समनशिप युनिटमध्ये, म्हणजे सैन्याच्या नेमबाजी केंद्रात, रेंज, प्रशिक्षक, वेळ सगळं मिळतं. खरा फायदा गोळ्यांच्या निवडीत. एकाच कंपनीचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या खेपेत बनलेल्या गोळ्या, एकाच नळीतून वेगळे वागतात. म्हणून नळी शिकंज्यात घट्ट धरून प्रत्येक लॉटच्या दहा-दहा गोळ्या मारून पाहतात. ज्याच्या गोळ्या लक्ष्यावर सगळ्यात जवळजवळ पडतात, तो लॉट हजारोंनी उचलतात. एकट्या खेळाडूच्या खिशाला हे झेपत नाही.

पण सवलतीनं नेमबाज तयार होत नाही. अमेरिकी सैन्याचे लोन्स विगर लेफ्टनंट कर्नल होऊन निवृत्त झाले. १९६४ च्या टोकियोत ५० मीटर थ्री पोझिशन आणि १९७२ च्या म्युनिकमध्ये ३०० मीटर थ्री पोझिशन, दोन सुवर्णं. ते सैन्यात येण्याआधीच मोंटानात रायफल चालवत होते. मार्गारेट मर्डॉकही वडिलांकडे आणि कॉलेजात शिकून मग सैन्यात आल्या. १९७६ च्या माँट्रियलमध्ये स्त्री-पुरुष एकत्र स्पर्धेत त्यांचे आणि लॅनी बॅशम यांचे ११६२ असे समान गुण झाले. बरोबरी सोडवण्याच्या नियमानं सुवर्ण बॅशमना गेलं, तेव्हा त्यांनी मर्डॉकना पदकमंचावर आपल्या पायरीवर ओढून घेतलं. उलट उदाहरण द्यायचं तर राठोड स्वतः: त्यांनी गणवेशात असताना, १९९८ मध्ये शॉटगन धरली. पण ती शॉटगन.

शिवाय अधिकाऱ्याला बढतीसाठी तुकडी सांभाळावी लागते, कोर्स करावे लागतात, बदल्या होतात. ते महिने रेंजच्या खात्यातून जातात.

"साध्या घरातल्यांनी पडूच नये."

स्वप्नील कुसाळे कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीचा, शिक्षकाचा मुलगा, पदक मिळालं तेव्हा नोकरी रेल्वेत तिकीट तपासनिसाची. पॅरिसमध्ये पात्रता फेरीत ५९० गुण मिळवून तो सातव्या क्रमांकानं अंतिम फेरीत आला. नीलिंगनंतर सहावा, प्रोननंतर पाचवा. ४५१.४ गुणांवर कांस्य पक्कं झालं ते शेवटच्या पवित्र्यात, स्टँडिंगमध्ये, जिथे पट्टाही नसतो.