आयरिश जेवण ‘बेचव’ ठरवण्याआधी

सेंट पॅट्रिक्स डे, म्हणजे 17 मार्च, जवळ आला की खवय्यांच्या ग्रुपांवर एक मजकूर फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : आयर्लंडचा राष्ट्रीय पदार्थ कॉर्न्ड बीफ, म्हणजे खारवलेलं गोमांस, आणि कोबी. पबमधल्या जेवणाची सगळी किमया गिनेस या काळ्या आयरिश बिअरची, म्हणून घरी पबसारखं जमत नाही; करायचंच तर बाटली भांड्यात उपडी करा. उरला तो बिनमसाल्याचा उकडलेला बटाटा, कारण त्या लोकांना दुसरं काही माहीतच नव्हतं. वाचायला चटकदार असल्यामुळे लोक तो पुढे ढकलतात. पण यातलं जवळपास प्रत्येक विधान चुकीचं आहे, आणि शेवटचं तर मनाला लागणारं आहे.

कॉर्न्ड बीफचं आधी बघू. सतराव्या-अठराव्या शतकात आयर्लंडच्या कॉर्क बंदरातून खारवलेल्या गोमांसाची पिंपंच्या पिंपं ब्रिटिश आरमाराला आणि कॅरिबियन बेटांवर जात. ज्यांच्या गावात ती गुरं वाढत, त्यांना ते मांस परवडत नसे. गाय दुधासाठी, आणि घरात खायला डुक्कर. त्यामुळे आयर्लंडमधल्या घरात कोबीबरोबर शिजतो तो खारवलेला बेकन, वर पार्स्लीचा पांढरा सॉस. न्यूयॉर्कला गेलेल्या स्थलांतरितांना ज्यू खाटकांकडे ब्रिस्केट, म्हणजे गाईच्या छातीकडचं मांस, स्वस्तात मिळालं आणि त्यांनी बेकनच्या जागी ते घातलं. म्हणजे पदार्थ खरा आहे, पण तो आयरिश-अमेरिकन आहे.

‘दुसरं काही माहीतच नव्हतं’ हे वाक्य लिहिणाऱ्याने जरा थांबायला हवं होतं. बटाटा आयर्लंडमध्ये आला सोळाव्या शतकाच्या अखेरीस. त्याआधी शेकडो वर्षं तिथलं जेवण ओट्स, दूध, ताक, चीज आणि लोण्यावर उभं होतं. पुढेही कॉर्कचं लोणी जगभर विकलं जाई. त्या बाजारावर शहरात आज एक संग्रहालय आहे. गरीब माणूस बटाट्यावर आला तो जमिनीमुळे. धान्य विकून जमीनदाराचा खंड भरायचा, आणि उरलेल्या तुकड्यात कुटुंब जगवायचं, तर बटाट्याशिवाय इलाज नव्हता. 1845 मध्ये त्यावर करपा आला. 1852 पर्यंत सुमारे 10 लाख माणसं मेली, तितकीच देश सोडून गेली, आणि त्याच काळात धान्य आणि लोणी भरलेली जहाजं बंदरातून बाहेर जात होती. अशा इतिहासाला अडाणीपणाचं लेबल लावणं मला सहन होत नाही.

आता चवीचा मुद्दा. मसाला नाही म्हणजे चव नाही, असं म्हणणाऱ्या मराठी माणसाने घरचं अळणी आठवावं. वाटण पडायच्या आधी पातेल्यातून काढलेला मटणाचा तो रस, हळद-मिठापलीकडे फारसं काही नसलेला, आपण वाटी पुढे करून मागतो. आयरिश स्ट्यू त्याच जातीचा आहे. मानेचं हाडासकट मटण एक किलो, तेवढेच बटाटे, अर्धा किलो कांदे, मीठ, मिरी, थाइम या सुगंधी पाल्याची काडी आणि पाणी. गाजर घालावं की नाही यावर तिथे आजही वाद होतात. निम्मे बटाटे पातळ कापून तळाशी लावायचे. ते विरघळून रस दाट करतात, मैद्याची गरज पडत नाही. उरलेले अख्खे वर ठेवायचे, म्हणजे ते वाफेवर शिजतात. पाणी मटण जेमतेम बुडेल इतकंच. मग झाकण ठेवून दोन तास मंद आच. उकळी फुटू द्यायची नाही, नुसते बुडबुडे येत राहायला हवेत. घाई असेल तर मटण एकटं कुकरला लावा, पण बटाटे-कांदे नंतर पातेल्यातच घाला. सगळं एकत्र शिट्ट्यांवर सोडलं तर लगदा हाती येतो, आणि मग ‘बेचव’ हा शेरा खरा ठरतो.

यात गिनेस कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. बीफ-गिनेस स्ट्यू हा वेगळा पदार्थ आहे, आणि पबच्या पाटीवर तो असतोही. पण पब ही मुळात जेवायची जागा नव्हती. खेडोपाडी एकाच छपराखाली किराणा नाहीतर हार्डवेअर आणि दारू विकली जाई. आयर्लंडमधल्या डिंगल गावच्या फॉक्सी जॉन्स या पबमध्ये ती जोडी अजून दिसते. स्ट्यू, बेकन-कोबी, कॉडल म्हणजे डब्लिनचा सॉसेज घातलेला स्ट्यू, हे सगळं घरातून पबात गेलं आहे. त्यामुळे ‘घरी पबसारखं जमत नाही’ ही तक्रारच उलटी आहे.

आणि बाटली उपडी करणं तर घातकच. गिनेससारख्या काळ्या बिअरला स्टाउट म्हणतात; तिचा कडूपणा हॉप्स या कडू फुलांचा आणि काळ्या भाजलेल्या बार्लीचा असतो. पाणी आटतं, कडूपणा आटत नाही; तो दर मिनिटाला घट्ट होत जातो. किलोभर मांसाला एक कप स्टाउट पुरे, बाकी हाडांचं पाणी. भरपूर परतलेला कांदा आणि गाजर हवंच, गोडव्यासाठी. झाकण उघडं टाकून आटवू नका.

उकडलेल्या बटाट्यावरचा आरोप मला सर्वांत अन्यायाचा वाटतो, कारण कोलकॅनन, म्हणजे कोबी घालून कुस्करलेला बटाटा, नीट जमलं तर स्ट्यूसुद्धा मागे पडतो. त्याला पिठूळ, जुना बटाटा लागतो. नवा चिकट होतो. सालासकट उकडा, पाणी पूर्ण काढा, आणि भांडं मिनिटभर तसंच मंद आचेवर ठेवून वाफ जाऊ द्या. गरम असतानाच सोलून हाताने कुस्करा. मिक्सर लावलात तर डिंक होईल. दूध गरम करून, त्यात पातीचा कांदा उकळून मग घाला, शेवटी केल (कोबीच्या जातीची पालेभाजी) किंवा कोबी, वाफवून. ताटलीत ढीग करून मध्ये खळगा करायचा आणि त्यात लोण्याचा गोळा सोडायचा. तो वितळला की कडेपासून एकेक घास त्यात बुडवून खायचा. हॅलोवीनला, 31 ऑक्टोबरला, त्यात अंगठी लपवायची रीत होती. जिला ती सापडेल तिचं वर्षात लग्न, असं म्हणत.

राहिला सोडा ब्रेड, म्हणजे यीस्टऐवजी खाण्याच्या सोड्याने फुगवलेला पाव, ‘ओव्हनवाल्यांचंच काम’ म्हणून त्या मजकुराने सोडून दिलेला. पूर्वी तो चुलीच्या विस्तवावर, वर निखारे ठेवलेल्या झाकणाच्या लोखंडी भांड्यात भाजत. निम्मा मैदा निम्मी कणीक मिळून 450 ग्रॅम, एक चमचा खाण्याचा सोडा, एक चमचा मीठ, आणि दाट, चांगलं आंबट ताक लागेल तसं, साधारण 350 ते 400 मिली. ताक गोडं असेल तर सोड्याचा वास राहतो. मळायचं नाही, नुसतं गोळा करून वर खोल फुली मारायची. जाड बुडाच्या भांड्यात, झाकण ठेवून, मंद आचेवर भाजा आणि मध्ये एकदा उलटवा. बुडावर टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की काढा.